चौदा सेकंदांची लाट

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता. मंचरच्या पुढे नाशिक हायवेला लागून असलेल्या कंपनीच्या गेटसमोर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, शिडशिडीत, उन्हाने रापलेला. रात्रभराच्या एसटी प्रवासाने शर्ट चुरगळलेला आणि काखेत एक कापडी पिशवी. वॉचमनला तो म्हणाला, "लाटा मोजायचं यंत्र बनवतात ते इथंच ना? साहेबांना एकच गोष्ट विचारायची आहे."

अमरीन तेव्हा स्कूटी लावत होती. समुद्रापासून इतक्या लांब, ऊस आणि कांद्याच्या मुलखात लाटा मोजायची यंत्रं बनतात, याचं तिच्या नातेवाइकांना अजूनही हसू यायचं. पण शेडचं भाडं पुण्यापेक्षा कमी होतं आणि चाचणीला डिंभे धरणाचं पाणी जवळ होतं, म्हणून कंपनी इथे आली होती. ओतूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून अमरीन चार वर्षांपूर्वी इथे लागली आणि आता चाचणी विभाग तीच सांभाळत होती. रांजणाएवढा गोल, पिवळाधमक, तरंगणारा बोया समुद्रात साखळीने बांधून सोडायचा. लाटेबरोबर तो वरखाली होतो. आतला सेन्सर त्या हालचालीचा जोर मोजतो, त्यावरून प्रोग्रॅम लाटेची उंची काढतो आणि दर अर्ध्या तासाला तो आकडा धक्क्यावरच्या पाटीवर उमटतो. तो आकडा बघून होड्या बाहेर जायचं की नाही ते ठरवतात.

त्या माणसाचं नाव हरेश्वर. कोकणातल्या एका लहान बंदरावरचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. तिथल्या धक्क्यापुढे याच कंपनीचा सात नंबरचा बोया होता.

मालक स्वराजसर स्वतः बाहेर आले. इथल्याच मोठ्या बागायतदाराच्या घरातले, पुण्यात शिकलेले, बोलायला एरवी गोड. पण त्यांनी त्या माणसाला आत बोलावलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. गेटच्या गजांतूनच म्हणाले, "काय ते पत्रात लिहिलंय आम्ही. यंत्रात दोष नाही."

"पत्र वाचलं मी," हरेश्वर म्हणाला. "मला फक्त सांगा साहेब, त्या दिवशी लाट किती होती? पाटीवर शून्य पॉइंट सहा होतं. म्हणजे गुडघ्याच्या वर जेमतेम. वारा नव्हता, आभाळ मोकळं होतं. मी होडी काढली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, तिथं पोचलो आणि लाट अशी उठली की पुढचं काही दिसेना. होडी पालथी झाली. माझा भाचा त्या होडीखाली गेला."

"तेच तर. मानवी चूक," स्वराजसर म्हणाले. "पहाटे पहाटे घेऊन होड्या काढता तुम्ही आणि मग आकड्याला नावं ठेवता."

हरेश्वरने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बघून पिशवीचे बंद नीट केले. "मी पीत नाही, साहेब," एवढंच तो म्हणाला.

अमरीनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिचा बाप जत्रेत पाळणे लावणारा माणूस. अशा गेटांबाहेर, अशा आवाजात त्याच्याशी बोललेलं तिने लहानपणापासून ऐकलं होतं. पोटच्या पोरासारखा भाचा गमावलेला माणूस घाट चढून विचारायला येतो आणि त्याच्या तोंडावर दारूचा आळ फेकायचा? सर आत गेले तशी ती हरेश्वरला म्हणाली, "चला मामा, समोर चहा घेऊ."

टपरीच्या बाकड्यावर त्याने पिशवीतून कागद काढले. त्याचा परवाना निलंबित झाला होता. चौकशीचा अहवाल तांडेलाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवत होता आणि त्याला आधार म्हणून कंपनीचा चाचणी दाखला जोडला होता. अमरीनने तो हातात घेतला. दुसऱ्या पानावर तिची सही होती, तिच्याच अक्षरातली. पहिल्या पानावर मात्र ओळ होती: 'दोन ते वीस सेकंद अंतराच्या सर्व लाटांसाठी अचूकता तपासली आहे.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. तिने लिहिलं होतं, 'तीन ते सहा सेकंद.' शेडमधलं चाचणीचं चाक सहा सेकंदांपेक्षा हळू फिरतच नव्हतं. वीस सेकंदांची चाचणी तिने आयुष्यात केली नव्हती. सहीचं पान तिचंच ठेवून वरचं पान बदललं होतं.

"मामा," तिने विचारलं, "एक लाट गेल्यावर दुसरी यायला किती वेळ लागत होता, आठवतं?"

"आठवतं म्हणजे काय, बाय? होडी पालथी पडलेली. मी तिच्या तळाला धरून होतो. एक लाट डोक्यावरून जायची, मग मी श्वास घ्यायचो. चार श्वास पुरे व्हायचे, मग दुसरी. वाऱ्याची लाट अशी नसते, ती भरभर येते. ही लांबून आलेली होती. कुठंतरी दूर दक्षिणेला वादळ झालं असेल, त्याची."

चार श्वास म्हणजे बारा-चौदा सेकंद. अमरीनच्या हातातला चहा तसाच राहिला. तिच्या डोळ्यांसमोर डिंभे धरणावरचा दीड वर्षापूर्वीचा दिवस उभा राहिला. गिऱ्हाइकांना यंत्र दाखवायला सरांनी बोया पाण्यात सोडला होता. धरणाचं पाणी आरशासारखं स्थिर, आणि पडद्यावर मात्र लाट पंचवीस-तीस सेंटिमीटर. बोया हलत नसतानाही स्वस्तातल्या सेन्सरचा आकडा आपोआप हळूहळू सरकत होता आणि प्रोग्रॅम त्याला लाट समजत होता. पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी सरांनी प्रोग्रॅममधला फिल्टर कडक केला. हळू होणारी वरखाली हालचाल खोटी समजून गाळून टाकायची, असा तो फिल्टर. त्यानंतर धरणावर शून्य दिसायला लागलं आणि सगळे खूश झाले. तेव्हाच अमरीनने विचारलं होतं, "सर, मग समुद्रातली खरी संथ लाट आली तर?" सर म्हणाले होते, "आपल्या किनाऱ्यावर कुठे येतात असल्या लाटा?"

ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली आणि दाखल्याची झेरॉक्स टेबलावर ठेवली. "हे मी लिहिलेलं नाही."

सरांनी वर न बघता म्हटलं, "टेंडरच्या फॉर्मचं वाक्य आहे ते. सगळेच घालतात."

"सगळे घालत असतील. सही माझी आहे."

"अमरीन, माणूस बुडाला त्याचं मला वाईट वाटतं. पण त्याच्यासाठी तीस माणसांची कंपनी बुडवायची का?" आता त्यांनी वर बघितलं. "सोमवारी बंदर खात्याच्या मॅडम तपासणीला येणार आहेत. सात नंबर परत आलाय, स्टोअरमध्ये आहे. त्याआधी त्याच्यात नवा प्रोग्रॅम टाक. जुना पुसून टाक. मेमरीसकट."

"पुसून?"

"अपडेट म्हणतात त्याला."

तिने झेरॉक्स उचलली. सरांपुढे रडायची तिची तयारी नव्हती. स्टोअरमध्ये जाऊन ती त्या पिवळ्या गोळ्यासमोर उभी राहिली. त्याच्या पोटाला अजून समुद्रातलं शेवाळ आणि शिंपल्यांचा खडबडीत थर चिकटलेला होता. चार वर्षं तिने अशा बोयांना बाळासारखं हाताळलं होतं. तिला त्या क्षणी कंपनीचा नाही, स्वतःचा राग आला. धरणावर तिने एकदाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसली होती.

कुंडलिक मागे येऊन उभा राहिला. राजुरीचा, कंपनीचा जुना फिटर. चाचणीचं चाक त्यानेच वेल्डिंग करून बनवलं होतं आणि बोये धरणावर न्यायची पिकअपही तोच चालवायचा. अमरीनने त्याला सगळं सांगितलं.

"कुंडलिकभाऊ, आपलं चाक चौदा सेकंदांनी एक फेरा असं फिरेल का?"

"न्हाई फिरायचं. मोटार अडकून पडती. आन त्याची उंची तरी किती, हातभर. हळू फिरवायचं तर चाक मोठं पायजे, हातानं फिरनारं." तो जरा थांबला. "तुज्या अब्बाचा बारका पाळना कुटं हाय सध्या?"

अमरीनने त्याच्याकडे बघितलं. अब्बा निमगाव सावाच्या यात्रेत होते. मोठा मोटारीचा आकाशपाळणा आणि शेजारी पोराटोरांसाठी चार पेट्यांचा हातपाळणा. पाळण्याची पेटी चाकाबरोबर उलटी होत नाही, लोंबकळून कायम सरळ राहते. समुद्रातला बोयाही तसाच सरळ राहून वर जातो, खाली येतो. चाकाचा व्यास मोजला की लाटेची उंची नक्की ठाऊक. मग यंत्र काय सांगतं ते बघायचं. जगात सगळीकडे बोये असेच तपासतात, चाकावर. त्यांच्याकडे फक्त पुरेसं मोठं आणि पुरेसं हळू चाक नव्हतं.

"मी कुनाला भीत न्हाई," कुंडलिक म्हणाला, "पन चोरून काय करायचं न्हाई. रजिस्टरात लिव."

तिने लिहिलं. तारीख, शनिवार सकाळी साडेआठ. बोया क्रमांक सात. काम: दीर्घ लाटांची चाचणी. ठिकाण: निमगाव सावा. खाली सही केली आणि त्या पानाचा फोटो काढून बंदर खात्याच्या पत्त्यावर मेल केला. शेवटी लिहिलं, 'चाचणी सोमवारपर्यंत चालू राहील. कृपया तिथेच यावे.'

शनिवारी निमगावच्या मैदानात अमरीनचा बाप तय्यब पाळण्यांना ऑइल देत होता. लेकीला पिकअपमधून उतरताना बघून त्याला आनंद झाला आणि बोया बघून हसू आलं. "ह्ये काय आनलंस? कलिंगड?"

अमरीनने सांगायला सुरुवात केली. तय्यबचं हसू हळूहळू विरलं. भाच्याचं ऐकून त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सगळं ऐकल्यावर त्याने एकच विचारलं, "दारूचं बोलला त्यो? गेटवर उभं करून?"

"हो."

"वजन किती ह्याचं?"

"अठ्ठेचाळीस किलो."

"मंग समोरच्या पेटीत तेवढीच वाळू घालावी लागंल. न्हायतर एका बाजूला झोका घेतंय चाक, फेरा सारका येत न्हाई."

अनवरी, अमरीनची अम्मी, तंबूत भाकऱ्या थापत होती. तिने वाळूच्या पिशव्या शिवून दिल्या. कुंडलिकने तराजू आणला. बोया पेटीत ठेवून चारी बाजूंनी दोरीने आवळला. मग अमरीनने टेप लावला. एका पेटीच्या खिळ्यापासून समोरच्या पेटीच्या खिळ्यापर्यंत तीन मीटर वीस सेंटिमीटर. तीनदा मोजलं.

फोनवर तिने सेकंदाला एक टिकटिक लावली. पहिल्यांदा सहा सेकंदांना एक फेरा. तय्यबने दांडा धरला आणि सहज फिरवत राहिला, पोरांना फिरवतो तसा. बोयाला हिशेब लावायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांनी लॅपटॉपवर आकडा आला: तीन पूर्णांक सतरा. जवळजवळ बरोबर.

मग दहा सेकंद. दोन पूर्णांक दोन.

कुंडलिकने जीभ चावली. "मीटरभर खाल्लं की!"

मग चौदा. इथे तय्यबचा खरा कस लागला. "जोरात कुनीबी फिरवील, बेटा," तो म्हणाला, "हळू फिरवायचा म्हंजी हात बांधून ठिवावा लागतो." सात टिकटिकींना पेटी वर, सात टिकटिकींना खाली. चैत्राचं ऊन डोक्यावर, दांडा तापलेला, त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो ओठ हलवत मोजत होता. यात्रेला आलेली माणसं थांबून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "तय्यबभाऊ, पाळना आजारी पडला का काय?" तय्यबने मान वळवली नाही. दहा मिनिटांनी कुंडलिकने दांडा घ्यायला हात पुढे केला, तेव्हाही त्याने सोडला नाही.

लॅपटॉपवर आकडा आला. एक पूर्णांक शून्य सात.

अमरीन बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. सव्वातीन मीटरची लाट, आणि यंत्र सांगत होतं एक मीटर. दोन भाग गिळून एक भाग दाखवत होतं. म्हणजे पाटीवर शून्य पॉइंट सहा होतं तेव्हा बाहेर एक पूर्णांक आठची लाट होती. पुरुषभर उंच. आणि वाळूच्या उंचवट्यावर आल्यावर ती आणखी उठली असणार.

"काय झालं?" अनवरीने विचारलं.

"तो माणूस खरं बोलत होता, अम्मी."

संध्याकाळी स्वराजसरांचा फोन आला. "बोया चोरलास तू. पोलिसांत देईन."

"रजिस्टर बघा सर. माझं काम चाचणी करायचं आहे, तेच करतेय. पहिल्यांदा नीट करतेय."

"जत्रेतल्या पाळण्यावर? लोक हसतील तुझ्यावर."

"हसू द्या. बुडण्यापेक्षा बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी हरेश्वर माळशेजवरून आलेल्या एसटीने ओतूरला उतरला. अमरीनने त्याला फोन करून बोलावलं होतं. त्याला घेऊन ती निमगावला पोचली तोवर मैदानात सरकारी जीप येऊन उभी होती. बंदर खात्याच्या इंद्रायणी मॅडम, चाळिशीच्या, पायात बूट, हातात फाइल. त्यांच्यामागे स्वराजसरांची गाडी.

"मॅडम, या बाईंनी कंपनीचा माल न विचारता उचलून आणलाय," सर उतरताच म्हणाले. "आमची अधिकृत चाचणी व्यवस्था मंचरला आहे. कृपा करून तिथं चला."

"तिथूनच आले," मॅडम म्हणाल्या. "तुमचं चाक बघितलं. चौदा सेकंदांवर फिरवून दाखवा म्हटलं तर तुमच्या माणसाला जमलं नाही. आणि दाखल्यात तुम्ही वीस लिहिलंय." त्या अमरीनकडे वळल्या. "मेल तुम्ही केला होता? दाखवा."

मॅडमनी स्वतःचा टेप काढला, व्यास स्वतः मोजला. घड्याळ स्वतःच्या हातात धरलं. आधी सहा सेकंदांचा फेरा. तीन पूर्णांक अठरा. मग चौदाचा.

तय्यबने दांडा धरला. बोया असलेली पेटी संथपणे वर चढायला लागली, वर क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि तितक्याच संथपणे खाली आली. हरेश्वर पाळण्याच्या कठड्याला धरून उभा होता. तिसऱ्या फेऱ्याला तो पुढे झुकला. चौथ्या फेऱ्याला त्याने श्वास मोजायला सुरुवात केली, अमरीनला त्याची छाती वरखाली होताना दिसत होती.

"हीच," तो म्हणाला. "हीच ती. अशीच येत होती." आणि तो तिथेच मातीत बसला. अनवरी तंबूतून पाणी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. कोण कुठला माणूस, तिने विचारलं नाही.

वीस मिनिटांनी आकडा आला. एक पूर्णांक शून्य पाच.

"हे कसं धरायचं?" स्वराजसर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ही पेटी हलते, झोके घेते. जत्रेतली वस्तू आहे. हिच्यावर माझ्या यंत्राची लायकी ठरणार?"

"पेटी तीच आहे, सर," अमरीन म्हणाली. "दोरी तीच, चाक तेच, फिरवणारा माणूस तोच. सहा सेकंदांवर तुमचं यंत्र बरोबर सांगतं. तेव्हा पेटी झोके घेत नाही का? फक्त चौदावरच घेते?" ती बोलायला लागली आणि तिचं तिलाच थांबता येईना. "धरणावर पाहुण्यांसमोर शून्य दिसावं म्हणून तुम्ही समुद्रातली लाट गाळून टाकलीत. माझ्या सहीवरचं पान बदललंत. आणि या माणसाला, ज्याने तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवला, त्याला गेटवर उभं करून दारुड्या म्हणालात. माझे वडील अंगठाबहाद्दर आहेत. पण त्यांच्या पाळण्यातून आजवर एक पोर पडलेलं नाही, कारण ते रोज सकाळी प्रत्येक खिळा हाताने तपासतात. तुम्ही एवढे शिकलात आणि एक फेरा तपासला नाहीत."

तय्यब दांड्याजवळ उभा होता. त्याने लेकीला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बस, बेटा," तो हळूच म्हणाला. पण त्याने तिचा हात धरून तिला मागे ओढलं नाही.

मॅडमनी पंचनामा तिथेच केला. तय्यबचा अंगठा घेतला, कुंडलिकची सही घेतली, बोया सील करून जीपमध्ये टाकला. स्वराजसर गाडीत बसताना कुंडलिकला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." कुंडलिक म्हणाला, "माजी हत्यारं तेवडी न्यायला येतो," आणि पाळण्याच्या पेटीतली वाळू उपसायला लागला.

त्यानंतरच्या गोष्टी सावकाश झाल्या. किनाऱ्यावरचे कंपनीचे उरलेले बोयेही काढून घेतले गेले आणि पाट्या बंद ठेवल्या. नारळी पौर्णिमेच्या आधी हरेश्वरचा परवाना मोकळा झाला. अमरीनला पोस्टाने नोटीस आली, बेशिस्तीबद्दल कामावरून कमी केल्याची. सहीच्या फसवणुकीची तक्रार घेऊन ती पोलीस चौकीत गेली, तर तिथे नुसता अर्ज घेतला आणि पोच दिली. ओतूरला एसटी स्टँडमागच्या गाळ्यात ती आता वजनकाटे आणि दुधाची फॅट मोजायची यंत्रं दुरुस्त करते. कुंडलिक आठवड्यातून दोनदा येतो, जड कामं करून जातो.

दिवाळीनंतर चौकशीचा सुधारित अहवाल आला. हरेश्वरने त्याचा फोटो पाठवला आणि मागून फोन केला. "वाचलंस, बाय?"

तिने वाचला होता. 'सदर यंत्राच्या तांत्रिक मर्यादेमुळे लाटेची उंची प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदवली गेल्याचे दिसून येते.' दाखल्यातल्या बदललेल्या पानाचा उल्लेख नव्हता. कुणाचंही नाव नव्हतं.

"मर्यादा!" अमरीन फोनवर जवळजवळ ओरडलीच. समोर काटा घेऊन आलेला दुकानदार दचकला. "मर्यादा असती तर ती दाखल्यावर लिहायची होती. लिहिलं असतं तर तुम्ही होडी काढली असती का?"

"नसती काढली," हरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण त्या शांतपणाखाली काय आहे ते तिला कळत होतं. "मी हरकत घेतो. तू येशील?"

ती गेली. जानेवारीतली सुनावणी होती, बंदर खात्याच्या कार्यालयात, लांबलचक टेबल आणि दोन पंखे असलेल्या खोलीत. तय्यब बरोबर होता. टेबलाच्या एका बाजूला स्वराजसर आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला अमरीन आणि हरेश्वर. मध्ये इंद्रायणी मॅडम आणि त्यांच्या वरचे एक अधिकारी. अमरीनने तिची मूळ वही आणली होती. सव्वादोन वर्षांपूर्वीच्या पानावर तिच्या अक्षरात 'तीन ते सहा सेकंद' लिहिलेलं होतं आणि खाली धरणावरच्या दिवसाची नोंद होती.

वकील म्हणाले, "यंत्रांना मर्यादा असतातच. माझ्या अशिलांनी कधी हेतुपुरस्सर—"

"सात नंबरची मेमरी पुसायला मला सांगितलं, ते हेतुपुरस्सर नव्हतं का?" अमरीनने विचारलं. "कुंडलिकभाऊंचं प्रतिज्ञापत्र जोडलंय. त्याच दिवशी स्टोअरमध्ये मी त्यांना हे सांगितलं होतं."

वरच्या अधिकाऱ्यांनी वही मागून घेतली. पान उलटून बघितलं, दाखल्याची झेरॉक्स शेजारी ठेवली. मग ते टंकलेखकाला निष्कर्ष सांगायला लागले. "यंत्राच्या तांत्रिक मर्यादेमुळे..."

"नाही," अमरीन म्हणाली.

टंकलेखकाची बोटं थांबली.

"तो शब्द खोडा, साहेब. मर्यादा यंत्राची असते. इथं माणसाने पान बदललंय. 'खोटा दाखला' लिहा. आणि ज्याचा जीव गेला त्याचं नाव लिहा. बोयाचा नंबर आहे तुमच्या कागदात, त्याचं नाव नाही."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. वकील काही बोलायला उठले. त्यांच्याआधी इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, "नाव काय भाच्याचं?"

"दर्यानाथ," हरेश्वर म्हणाला. "वय एकवीस."

अधिकाऱ्यांनी आधीची ओळ खोडायला लावली. मग टंकलेखकाला म्हणाले, "लिहा." आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.